मोठ्यानं केलेला संकल्प

“देवापुढं चोरून बोलू नये, उज्वला. ओठ हलले पाहिजेत, आवाज फुटला पाहिजे. आणि ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घेऊन माग.”

चांदवडच्या घरी, देवघरासमोर पदर सावरत आई हे सांगायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण संकल्प सोडायची वेळ आली की उज्वलाच्या कानात तोच आवाज यायचा.

मखमलाबादच्या सेवा केंद्रात दत्तजयंतीचा सात दिवसांचा सप्ताह बसला होता. सकाळच्या थंडीत बायका चटयांवर ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं पाट, पाटावर वस्त्रात गुंडाळलेली पोथी. केंद्र सांभाळणाऱ्या काकू एकेकीच्या तळहातावर पळीनं पाणी घालत पुढं सरकत होत्या. आपलं नाव, गोत्र आणि पारायण कशासाठी ते बोलायचं, मग पाणी ताम्हनात सोडायचं. बहुतेक जणी ‘घरात सुखशांती राहू दे’ एवढंच पुटपुटत होत्या. उज्वला तशीही हळू बोलणारी. तिचं ऐकायचं तर माणसाला दोन पावलं जवळ यावं लागे. त्या दिवशी मात्र तिनं आवाज फोडला.

“माझा मुलगा हर्षल, सोळा वर्षांचा. झोपेत अजून त्याचं अंथरूण ओलं होतं. शिबिराला जायच्या आत ते थांबू दे.”

पाणी ताम्हनात पडलं. मागच्या ओळीतून ‘अगं बाई’ असं कुणीतरी म्हणालं. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “होईल हं सगळं नीट. किती करतेस गं पोरासाठी!”

उज्वलाला फार हलकं वाटलं. इतकी वर्षं एकटीनं डोक्यावर वागवलेला हारा चौघींनी हात लावून खाली उतरवावा तसं. ‘किती करतेस’ हे शब्द तिनं घरी जाईपर्यंत मनात जपून नेले.

वाटेत एक गोष्ट आठवली. कुणाला सांगणार नाही असं हर्षलच्या डोक्यावर हात ठेवून तिनं कबूल केलं होतं. पण देव म्हणजे काही ‘कुणी’ नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ती तिला पटलीही.

मायलेकांची या बाबतीत न बोलता एक रीत पडून गेली होती. उज्वला पहाटेच उठायची. अंघोळ, मग ओल्या केसांनीच देवपूजा, तुळशीला पाणी, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. त्यामुळे पहाटे मोरीत पाण्याचा आवाज आला तरी घरात कुणाला नवल वाटायचं नाही. हर्षल चादर गुंडाळून मोरीतल्या निळ्या बादलीत ठेवायचा आणि धावायला निघून जायचा. ती स्वतःच्या साडीबरोबर चादर पिळायची आणि मागच्या तारेवर साडीखाली वाळत घालायची. रोज नसायचं. कधी पंधरा पंधरा दिवस बादली रिकामी असायची आणि दोघंही मनातून खूश असायची. परीक्षा आली, स्पर्धा आली की बादली पुन्हा भरायची. त्यावर तिनं कधी एक शब्द काढला नाही. हर्षलनंही नाही. सासूबाईंना, कुसाबाईंना, कळत असावं. त्या बोलत नसत. नवऱ्याला, शेखरला, माहीत होतं. तो चादरीकडं बघायचाच नाही.

हर्षल धावण्यात जिल्ह्यात पुढं आला आणि डिसेंबरअखेरच्या पुण्याच्या शिबिरासाठी सप्ताहाच्या आधीच त्याची निवड झाली होती. एका खोलीत आठ मुलं राहणार होती. निवडीचा निरोप आला त्या संध्याकाळी शेखरनं पेढे आणले. हर्षल पेढा हातात धरूनच बसला होता. नंतर स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून म्हणाला, “आई, मी फोनवर वाचलं. याला औषध असतं. शहरात द्वारका चौकात एक डॉक्टर आहेत, जाऊ या?”

“जाऊ ना,” ती म्हणाली. “सप्ताह होऊ दे. मग बघू.”

तो आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग बाहेर गेला.

सप्ताहाचे निम्मे दिवस झाले असतील. उज्वला केंद्रातून परतली तर हर्षलचे बूट दारातच, आणि हर्षल आत, भिंतीकडं तोंड करून पडलेला. कॉलेजलाही गेला नव्हता.

“पोरगं आज धावून लगेच माघारी आलं,” कुसाबाई उन्हात बसून लसूण सोलत म्हणाल्या. “चहा दिला, नाय घेतला. भाकर दिली, नाय खाल्ली. लय तोंड पाडून बसलंय. पोरीबिरीचं काय नाय ना गं?”

“नाही हो आई. दमला असेल.”

दुसऱ्या दिवशीही तो मैदानावर गेला नाही. बादली भरलेली होती. उज्वलाला आधी काळजी वाटली, मग राग आला. निवड झालेलं पोर असं अंथरुणात लोळतंय, आपण इथं एकभुक्त राहून चटईवर झोपतोय आणि याला त्याचं काही नाही. हा राग घेऊनच ती केंद्रात पोचली. पोथी उघडणार तेवढ्यात शुभांगी शेजारी सरकली. तिचा प्रफुल्ल हर्षलबरोबर धावायला असायचा.

“उज्वलाताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका बरं का,” ती कानाशी म्हणाली. “आमच्या प्रफुल्लला मी पहिल्याच दिवशी दम दिला. म्हटलं, हर्षलला तसला त्रास आहे बिचाऱ्याला, त्याला कुणी हसायचं नाही. हसलास तर बघ म्हटलं.”

शुभांगीच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती. तेवढ्यात घंटा झाली. वाचन सुरू झालं की दिवसाचा भाग पुरा होईपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. ती उठली नाही. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून वाचत राहिली. ओळी डोळ्यांखालून जात होत्या आणि तिला दिसत होता भिंतीकडं तोंड केलेला मुलगा. मध्येच पोथी मिटून पळत घरी जावं असं वाटलं. पण सगळ्या बघतील, काय झालं म्हणून विचारतील, या भीतीनं ती बसून राहिली. भीती बायकांची होती, देवाची नव्हतीच, हे तिचं तिलाच कळलं आणि तिनं मान आणखी खाली घातली.

घरी आली तेव्हा हर्षल मागच्या हौदाशी होता. शेखर मळ्यातून मेथी उपटून टाकून गेला होता आणि हर्षल मुळं धूत होता. मान वर न करता धूत होता.

“हर्षल.”

“बोलू नको.”

“अरे, मला आत्ता कळलं. शुभांगीकाकू…”

“तू कबूल केलं होतंस.” त्याचा आवाज चढला नव्हता. “डोक्यावर हात ठेवून.”

“मी देवाला सांगितलं रे.”

“देवाच्या आधी शुभांगीकाकूंना कळलं.” त्यानं जुडी हौदात आपटली. “मैदानावर धूळ उडते म्हणून सर पाण्याचा टँकर मागवत होते. प्रफुल्ल म्हणाला, टँकर कशाला सर, एक रात्र हर्षलला झोपवा इथं. सरसुद्धा हसले. नंतर गप्प झाले, पण हसले.”

उज्वला तिथंच हौदाच्या कडेला बसली. ओल्या कडेचं पाणी साडीला लागत होतं.

“मी तुझ्यासाठीच…”

“तेच तर!” आता तो तिच्याकडं वळला. “सगळं माझ्यासाठी. तू उपाशी, माझ्यासाठी. खाली झोपतेस, माझ्यासाठी. सगळ्या बायकांना दिसतं, हर्षलच्या आईनं काहीतरी धरलंय. मी म्हटलं होतं डॉक्टरकडं चल, तर सप्ताह होऊ दे.”

“चुकलं माझं. तू म्हणशील ते करते. उद्यापासून मीठ सोडते बघ, तुझं…”

“झालं!” हर्षलला रडता रडता हसू आलं. “आता सगळ्या विचारतील, मीठ का सोडलं. सांग मग त्यांना, नाव घेऊन.”

तिच्या तोंडातून निघालेला शब्द परत घेता येईना. शिक्षा म्हणून तिला एवढंच सुचलं होतं, आणि त्या शिक्षेतही पुन्हा तीच दिसणार होती, उपाशी, गुणाची.

“मी शिबिराला जाणार नाही,” हर्षल म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

हे वाक्य नेमकं बांधावरून येणाऱ्या शेखरच्या कानी पडलं. “जाणार नाही म्हणजे?” त्यानं तिथूनच ओरडून विचारलं. “निवड काय रस्त्यावर पडली होती? घोड्याएवढा झालास, आणि…” आतून दार आपटलं. मग उज्वलाकडं पाहून त्यानं आवाज उतरवला. “काय झालं?”

तिनं सांगितलं. सगळं, काही न झाकता. शेखर खाली बसला आणि मेथीच्या जुड्या बांधू लागला. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी त्या बांधायच्याच होत्या. त्याचे हात भराभर चालत होते. मूठभर मेथी, केळीच्या सोपटाचा वेढा, गाठ. ‘तुला अक्कल आहे का’ असं तरी म्हणावं, असं तिला वाटत होतं. तिनं ते सुखानं ऐकून घेतलं असतं.

“मला सातवीपर्यंत होतं,” तो शेवटी म्हणाला.

“काय?”

“हेच. हर्षलचं.” त्यानं गाठ ओढली. “एकदा आईनं ओली गोधडी माझ्या डोक्यावर दिली आणि गल्लीतून फिरवून आणलं. सगळ्यांच्या दारावरून. लाजेनं थांबेल म्हणून. तिलाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.”

“थांबलं?”

“कशाचं थांबतंय. त्या दिवसापासून मी झोपायलाच घाबरायचो.”

उज्वलानं ओसरीकडं पाहिलं. कुसाबाई लसूण पाखडायचं सूप मांडीवर घेऊन डुलक्या घेत होत्या. याच हातांनी त्यांनी हर्षलला लहानपणी खांद्यावर थोपटून निजवलं होतं. आणि याच हातांनी गोधडी. सासूबाईंचा राग करायला उज्वलाला जागाच उरली नव्हती. गोधडी गल्लीभर फिरली. तिचे शब्द तर घराघरात जाऊन बसले होते. लाजेनं थांबेल असं म्हणणारी बाई निदान शिक्षेला शिक्षा तरी म्हणत होती. आपण तर त्याच गोष्टीला भक्ती म्हणत होतो.

खरंच काय मागितलं होतं तिनं? मुलाचा त्रास जावा हे होतंच. पण त्याच्या तळाशी आणखी एक मागणं होतं. पहाटे चादर पिळताना तिला रोज वाटायचं, आपल्याच करण्यात कुठं खोट राहिली म्हणून हे चाललंय. लोकांच्या पोरांचं नाही होत असं. ती खोट धुऊन निघावी, एवढ्यासाठी तिनं त्याचं नाव पुढं केलं होतं.

“हे तुम्ही हर्षलला सांगितलं पाहिजे,” ती शेखरला म्हणाली.

“मी? मी काय सांगू? तू सांग, तुला जमतं बोलायला.”

“मी नाही सांगणार. ते तुमचं आहे.”

शेखरनं उरलेल्या सगळ्या जुड्या बांधल्या. पोत्यानं झाकल्या, त्यावर पाणी शिंपडलं. मग पुन्हा शिंपडलं. आता करण्यासारखं काहीच राहिलं नाही तेव्हा तो उठला, हर्षलच्या खोलीशी गेला आणि दारावर नखानं वाजवलं. “झोपला नाहीस ना रे?” असं म्हणत आत शिरला.

आतून शेखरचं अडखळत बोलणं सुरू झालेलं तिला कळलं. कान टवकारले असते तर शब्दही ऐकू आले असते. तिनं मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि स्वच्छच असलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मध्येच एकदा हर्षलचा आवाज आला, “गल्लीतून? खरंच?” त्यानंतर दोघं हसले की काय झालं ते नळाच्या आवाजात समजलं नाही. तिनंही समजून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकवेळचं जेवण करायला बसली तेव्हा हर्षल पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्यासमोर पाटावर बसला. डोळे सुजलेले, पण अंघोळ केलेली.

“मी फोन केला होता डॉक्टरकडं,” तो म्हणाला. “ते मुंबईहून महिन्यातून एकदाच येतात. परवा सकाळी आहेत. त्यानंतर थेट पुढच्या महिन्यात, तोवर शिबिर होऊन जाईल. अठरा पूर्ण नाहीत म्हणून सोबत मोठं माणूस पाहिजे म्हणाले.”

परवा दत्तजयंती होती. समाप्तीचा दिवस.

“पप्पांना बाजारातून यायला दुपार होते,” तो ताटाकडं बघत म्हणाला. “आणि पप्पा डॉक्टरसमोर काहीच बोलणार नाहीत, माहितीये ना.”

उज्वलानं हातातला घास ताटात ठेवला. सप्ताह मध्येच मोडायचा नसतो. तिच्या आईनं ताप अंगात असताना शेवटचा अध्याय पुरा केला होता. आपण मोडला आणि त्याचं काही मुलाच्याच अंगावर आलं तर? ही भीती खरी होती. तिला हसून उडवता येण्यासारखी नव्हती. आजवर अशी भीती आली की ती एखादा नेम वाढवायची. गुरुवार धरायची, प्रदक्षिणा वाढवायची. या वेळी वाढवायला काही नव्हतं.

“येते मी,” ती म्हणाली.

“समाप्ती आहे त्या दिवशी.”

“माहीत आहे.”

हर्षलनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिचा हात त्याच्या डोक्याकडं जायला लागला तसा तो मागं सरकला. “शपथ नको घेऊ. नुसती ये. आणि का चाललोय ते कुणाला सांगायचं नाही. आजीलासुद्धा नाही. काकूंनी विचारलं तरी नाही.”

“नाही सांगणार.”

“मी शिबिराला जाईन की नाही ते मी अजून ठरवलं नाहीये,” तो उठता उठता म्हणाला. “ते विचारू नको.”

तिनं विचारलं नाही. ते दोन दिवस विचारायचं किती वेळा ओठांवर आलं, आणि तिनं किती वेळा ते गिळलं. गिळता गिळता तिला समजत गेलं की आजवर तिला काहीच गिळावं लागलं नव्हतं. मनात आलं की देवापुढं नेऊन ठेवायचं, एवढंच तिला येत होतं.

दत्तजयंतीच्या पहाटे तिनं नेहमीसारखी अंघोळ केली, पूजा केली. वाटणीचे अध्याय घरीच, आवाज न करता वाचले. पोथी बांधली आणि देवापुढं ठेवली. केंद्रातली जागा आज रिकामी राहणार होती. काही मागितलं नाही. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसता नमस्कार केला.

ती चपला घालायला लागली तशा कुसाबाई घाईनं बाहेर आल्या. “नैवेद्याचं ताट कुठंय? आज समाप्ती हाय ना?”

“मी केंद्रात जात नाहीये आई. हर्षलबरोबर कामाला चाललेय.”

“समाप्तीच्या दिवशी? सप्ताह मोडतीस? लय वाईट असतं ते!” म्हातारीच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. “असं काय काम निघालं?”

“आहे जरा.”

“माझ्यापासून लपवतीस?”

उज्वला वाकून त्यांच्या पाया पडली. कुसाबाईंनी सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तोंडानं काही म्हणाल्या नाहीत.

हर्षल अंगणाच्या फाटकाशी थांबला होता. ती आलेली दिसताच चालू लागला, आईच्या पुढं चांगलं वीस पावलं अंतर ठेवून. मैदानाच्या वाटेऐवजी त्यानं मळ्याच्या कडेची वाट धरली. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. द्राक्षबागेत कुणीतरी फवारा मारत होतं.

कोपऱ्यावर शुभांगी भेटलीच. नव्या साडीत, हातात झाकलेलं ताट. सोबत आणखी दोघी. “उज्वलाताई! अहो, केंद्र इकडं राहिलं. काकू तुमची वाट बघतायत, आरतीचं ताट तुमच्याकडं आहे.”

“मला यायला जमणार नाही आज.”

“म्हणजे?” तिघी थांबल्या. “समाप्तीला? बरं आहे ना सगळं? हर्षलचं काही…”

वीस पावलांवर हर्षलची पाठ थांबली. तो वळला नाही.

उज्वलाच्या मनात किती तरी वाक्यं तयार झाली. सासूबाईंना बरं नाही म्हणावं. पाहुणे आलेत म्हणावं. किंवा शुभांगीचा हात धरून म्हणावं, बाई गं, तुझा नाही, माझाच दोष. यातलं कुठलंही वाक्य बोललं असतं तर तिची सुटका झाली असती. बायकांनी मान हलवली असती. पुढच्या सप्ताहापर्यंत ‘हिनं समाप्ती मोडली’ असं तिच्या पाठीमागं कुणी म्हणालं नसतं.

“काम आहे,” ती म्हणाली.

“असं कसलं काम?”

उज्वलानं नुसती मान हलवली. तिघींच्या मधून वाट काढत ती पुढं झाली. मागून कुजबुज सुरू झालेली तिला ऐकू आली, पण पाय थांबले नाहीत. वीस पावलांवरची पाठही चालू लागली होती, जरा सावकाश. शहरात निमाणी स्टँडला जाणारी बस वळणावर दिसली तसा हर्षलनं हात वर केला, आणि ती पदर खोचून भराभर चालू लागली.